घर सोडण्याच्या आदल्या दिवशी

१४ मार्च १८२६. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा. कॅसल स्ट्रीटवरच्या ३९ क्रमांकाच्या घरात निरवानिरव चालू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी घराचा मालक हे घर कायमचे सोडणार आहे. जवळजवळ पाव शतक त्याने येथे संसार केला, मुले वाढवली, देशोदेशींच्या पाहुण्यांचे आदरातिथ्य केले आणि पहाटे उठून सगळे युरोप खंड ज्यांची वाट पाहत असे अशा कादंबऱ्या लिहिल्या. आता हे घर धनकोंचे झाले आहे. मालकाचे वय चोपन्न वर्षांचे, एक पाय लहानपणापासून अधू, पत्नी आजारी आणि डोक्यावर सुमारे एक लाख वीस हजार पौंडांचे कर्ज.

त्या दिवशीच्या रोजनिशीत या माणसाने एक नोंद केली आहे. मिस ऑस्टिन यांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी आपण पुन्हा वाचली आणि हे वाचन निदान तिसरे तरी असावे, असे त्याने लिहून ठेवले. हा माणूस म्हणजे सर वॉल्टर स्कॉट. ऐतिहासिक कादंबरीचा जनक म्हणून साहित्याच्या इतिहासात त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु आयुष्याच्या सर्वांत वाईट वर्षी एक जुनी, आवडती कादंबरी पुन्हा उघडून बसलेला वाचक म्हणून तो आपल्याला अधिक जवळचा वाटावा, असे त्याचे चरित्र आहे.

स्कॉटचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी एडिंबरात झाला. वडील वकील, आई वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकाची कन्या. दीड वर्षाचा असताना त्याला ताप आला आणि उजव्या पायातली शक्ती गेली. आज आपण त्या आजाराला पोलिओ म्हणू. मोकळ्या हवेत मूल सुधारेल या आशेने त्याला आजोबांच्या शेतावर, इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेजवळच्या सँडीनो या गावी पाठवण्यात आले. जवळच्या टेकडीवर स्मेलहोमचा जुना बुरूज उभा होता. तेथे आत्याच्या तोंडून त्याने सीमेवरच्या लढायांची, चढाया-लुटालुटींची गाणी ऐकली. धावता न येणाऱ्या मुलाला एकच गोष्ट पुनःपुन्हा ऐकण्याची सवय लागते. स्कॉटला ती अशीच लागली आणि त्याची स्मरणशक्ती अशी विलक्षण होती, की आवडलेले पद्य त्याच्या मनात कायमचे कोरले जाई.

पुस्तकाच्या आधाराने आजारपण काढण्याची ओळखही त्याला लवकरच झाली. विद्यार्थिदशेत त्याच्या आतड्यातील रक्तवाहिनी फुटली आणि त्याला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून राहावे लागले. वैद्यांनी बोलण्यालाही बंदी केली. उरले फक्त वाचन. शहरातील फिरत्या वाचनालयातून येतील ती अद्‌भुतकथानके, जुनी नाटके, महाकाव्ये आणि कादंबऱ्या त्याने अधाशासारख्या वाचल्या. वाचून थकवा आला की शिंपले आणि खडे मांडून तो पुस्तकातल्या लढाया लढत असे. खोलीत आरसे अशा रीतीने लावले होते, की पडल्या पडल्या बाहेरच्या मैदानाकडे जाणारे सैनिक दिसावेत. पुढे लेखक झालेल्या या माणसाचे खरे शिक्षण शाळेपेक्षा या बिछान्यावरच अधिक झाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वडिलांच्या इच्छेप्रमाणे तो कायद्याकडे वळला आणि १७९२ साली वकील झाला. १७९७ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी फ्रेंच कुळातल्या शार्लट कारपेंटर हिच्याशी त्याचा विवाह झाला. १७९९ मध्ये सेलकर्क परगण्याचा शेरीफ म्हणून त्याची नेमणूक झाली आणि पुढे १८०६ पासून सर्वोच्च दिवाणी न्यायालयात लेखनिकाचे मानाचे पदही मिळाले. नोकरी सांभाळून तो सीमाप्रांतात हिंडत असे आणि म्हाताऱ्या माणसांकडून पोवाड्यांसारखी गीते उतरवून घेत असे. १८०२-०३ मध्ये त्याने त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. १८०५ पासून त्याची स्वतःची दीर्घ कथाकाव्ये येऊ लागली. १८१० च्या 'द लेडी ऑफ द लेक'ने तर अशी काही मोहिनी घातली, की काव्यातले प्रदेश पाहण्यासाठी प्रवाशांची रीघ लागली.

बायरनचा तारा उगवला तेव्हा स्कॉटने काव्याकडून गद्याकडे मोर्चा वळवला. जुलै १८१४ मध्ये 'वेव्हर्ली' ही कादंबरी निघाली, पण तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. कवी म्हणून प्रतिष्ठा पावलेल्या, न्यायालयात पद भूषवणाऱ्या गृहस्थाने कादंबऱ्या लिहाव्यात, हे त्या काळी फारसे शोभणारे मानले जात नसे. पुस्तक प्रचंड खपले. मग 'द अँटिक्वेरी', 'रॉब रॉय', 'द हार्ट ऑफ मिडलोथियन', 'आयव्हॅनहो' अशा कादंबऱ्यांची रांगच लागली. अवघ्या अकरा-बारा वर्षांत वीसहून अधिक कादंबऱ्या लिहूनही लेखक कोण, हे गुपित अधिकृतपणे कायम राहिले.

नेमक्या याच काळात इंग्लंडच्या दक्षिणेकडील हँपशायर परगण्यातल्या एका लहानशा गावात आणखी एक निनावी लेखक लिहीत होती. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' २८ जानेवारी १८१३ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या कर्तीची कादंबरी एवढाच उल्लेख होता. या पुस्तकाचे सर्व हक्क तिने प्रकाशकाला ११० पौंडांना विकले होते. 'वेव्हर्ली' वाचणाऱ्या चतुर मंडळींप्रमाणे ऑस्टिननेही तिचा लेखक ओळखला आणि भाचीला लिहिलेल्या पत्रात लटकी तक्रार केली, की कवी म्हणून एवढे नाव आणि पैसा मिळवलेल्या स्कॉटला कादंबऱ्या लिहून इतरांच्या तोंडचा घास काढून घेण्याचे काही कारण नव्हते.

स्कॉटनेही ऑस्टिनला वाचले होते. 'एमा' ही तिची कादंबरी निघाली तेव्हा प्रकाशक जॉन मरे याने आपल्या 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या त्रैमासिकासाठी तिचे परीक्षण करण्याची विनंती स्कॉटला केली. ते परीक्षण १८१६ च्या मार्चमध्ये, अर्थातच निनावी, प्रसिद्ध झाले. रोजच्या आयुष्यातली माणसे आहेत तशी रंगवणारी ही एक नवी तऱ्हा आहे, हे ओळखून स्कॉटने तिची तुलना फ्लेमिश चित्रकारांच्या बारीक, घरगुती चित्रांशी केली. निनावी लेखिकेच्या निनावी कादंबरीवर निनावी कादंबरीकाराने लिहिलेला हा लेख इंग्रजी समीक्षेतला एक गमतीचा योग म्हणावा लागेल. दोघांची भेट कधीच झाली नाही. १८ जुलै १८१७ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ऑस्टिन निवर्तली आणि तिच्या भावाने त्या वर्षअखेरीस लिहिलेल्या चरित्रपर टिपणातून तिचे नाव वाचकांपुढे आले.

स्कॉटची मात्र चढती कमान होती. ट्वीड नदीच्या काठी त्याने १८११ मध्ये एक लहानसे शेत घेतले होते. कादंबऱ्यांचा पैसा येत गेला तशी शेजारची जमीन विकत घेतली जाऊ लागली आणि साध्या शेतघराच्या जागी मनोरे, शस्त्रदालन आणि हजारो ग्रंथांचे ग्रंथालय असलेली 'ॲबट्सफर्ड' ही वास्तू उभी राहिली. १८१८ मध्ये स्कॉटलंडची विस्मृतीत गेलेली राजचिन्हे एडिंबराच्या किल्ल्यात एका पेटीत शोधून काढण्यात त्याचा पुढाकार होता. १८२० मध्ये त्याला बॅरोनेटचा किताब मिळाला. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा त्या समारंभाची सारी आखणी स्कॉटनेच केली.

या वैभवाचा पाया मात्र कागदी होता. जेम्स बॅलंटाइन हा शाळेपासूनचा मित्र स्कॉटची पुस्तके छापत असे आणि त्या छापखान्यात स्कॉट गुप्त भागीदार होता. कॉन्स्टेबल हा प्रकाशक न लिहिलेल्या कादंबऱ्यांसाठीही त्याला आगाऊ हुंड्या देत असे. छापखाना आणि प्रकाशनसंस्था एकमेकांच्या हुंड्यांवर सह्या करीत, मुदत संपली की त्या बदलून नव्या काढीत आणि बँकांत वटवीत. कोणी नेमके किती देणे आहे, याचा हिशेब करण्याची गरज कोणाला वाटत नव्हती. स्कॉटही जमिनी घेण्यात आणि घर सजवण्यात दंग होता. हा दोष त्याच्या पदरात घातल्याशिवाय त्याचे चरित्र पुरे होत नाही.

१८२५ च्या अखेरीस लंडनच्या नाणेबाजारात मोठी घबराट उडाली. अनेक बँका बुडाल्या, उरलेल्यांनी हुंड्या वटवणे थांबवले. कॉन्स्टेबलचे व्यवहार ज्या लंडनच्या पेढीशी होते ती जानेवारी १८२६ मध्ये कोसळली. तिच्यामागोमाग कॉन्स्टेबल गेला आणि त्याच्यामागोमाग बॅलंटाइनचा छापखाना. १७ जानेवारीला बॅलंटाइन ही वार्ता घेऊन स्कॉटच्या घरी आला. भागीदार या नात्याने छापखान्याच्या देण्याला स्कॉट सर्वस्वी जबाबदार होता.

दिवाळखोरी जाहीर करण्याचा मार्ग त्याला कायद्याने मोकळा होता. तसे केले असते तर मालमत्तेचा काही हिस्सा धनकोंना मिळाला असता आणि पुढची कमाई स्कॉटची स्वतःची राहिली असती. व्यापारी माणसाने कदाचित तेच केले असते. स्कॉटने ते नाकारले. मालमत्ता विश्वस्तांच्या हवाली करून, मुदत मिळाल्यास लेखणीच्या बळावर पै न पै फेडण्याचे त्याने मान्य केले. ॲबट्सफर्डची वास्तू आदल्याच वर्षी थोरल्या मुलाच्या विवाहात त्याच्या नावे करून दिलेली होती. तेथे राहण्याची आणि नोकरीचा पगार ठेवून घेण्याची मुभा धनकोंनी त्याला दिली. एडिंबराचे घर मात्र जाणार होते.

मदतीचे हात पुढे आले. मुलींना हार्प शिकवणाऱ्या वृद्ध वादकाने आपली पाच-सहाशे पौंडांची, बहुधा आयुष्यभराची, शिल्लक देऊ केली. एका अज्ञात हितचिंतकाने तीस हजार पौंड देऊ केले. स्कॉटने सगळ्यांना आभारपूर्वक नकार दिला. धनको बँकांपैकी एकीचा प्रमुख सर विल्यम फोर्ब्स हा होता. तरुणपणी स्कॉटचे जिच्यावर जिवापाड प्रेम होते, त्या विल्यमिनाने याच फोर्ब्सशी लग्न केले होते. ती केव्हाच निवर्तली होती. तीस वर्षांपूर्वीचा हा प्रतिस्पर्धी या संकटात स्कॉटच्या मागे मित्रासारखा उभा राहिला.

या दिवसांचा तपशील आपल्याला कळतो तो स्कॉटच्या रोजनिशीमुळे. २० नोव्हेंबर १८२५ रोजी, म्हणजे संकट दाराशी येण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, त्याने ती लिहायला घेतली. ती समग्र छापली गेली थेट १८९० मध्ये. पैशांचे हिशेब, झोपेविना गेलेल्या रात्री, पत्नीच्या दुखण्याची काळजी, लिहून झालेल्या पानांची मोजदाद असे सगळे तिच्यात आहे. बातमी आली त्या आठवड्यातही 'वुडस्टॉक' या कादंबरीचे लेखन चालूच होते. त्यातच सरकारने एक पौंडाच्या नोटा बंद करण्याचा घाट घातला, तेव्हा स्कॉटिश बँकांच्या बाजूने टोपणनावाने तीन सडेतोड पत्रे लिहून त्याने सरकारला माघार घ्यायला लावली. स्वतःजवळ नोटा उरल्या नव्हत्या, त्या माणसाने देशाच्या नोटा वाचवल्या. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर त्याचे चित्र असते, ते उगाच नव्हे.

आणि या सगळ्या धामधुमीत त्याने 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पुन्हा वाचली.

त्याने हे पुस्तक का निवडले असावे? त्याच्या ग्रंथालयात शौर्याच्या, साहसाच्या कथांना तोटा नव्हता. तो स्वतःच त्यांचा सम्राट होता. पण या कादंबरीत लढाई नाही, किल्ला नाही, राजाराणी नाहीत. आहेत पाच मुलींचे एक मध्यमवर्गीय कुटुंब, शेजारचे दोन-चार बंगले, नाचाचे कार्यक्रम, पत्रे आणि पावसात भिजणे. स्कॉटने त्याच नोंदीत याचे उत्तर आपल्या परीने दिले आहे. गडगडाटी, भव्य वर्णनाची शैली आपल्याला इतरांइतकी साधते. परंतु रोजच्या सामान्य माणसांना आणि गोष्टींना केवळ चित्रणाच्या सच्चेपणाने रंजक करण्याचा जो नाजूक हात या लेखिकेला लाभला आहे तो आपल्याला लाभलेला नाही, अशी कबुली त्याने दिली आणि इतक्या गुणी स्त्रीला एवढ्या लवकर मरण यावे याची हळहळ व्यक्त केली.

ही कबुली कोणत्या दिवशी दिली, याला महत्त्व आहे. त्या दिवशी स्कॉटजवळ आपल्या लेखणीवाचून दुसरे काहीही उरले नव्हते. एक लाख वीस हजार पौंड ज्या कौशल्याच्या भरवशावर फेडायचे, त्याच कौशल्याची मर्यादा तो निवांतपणे मान्य करीत होता. ही नुसती विनयाची भाषाही नव्हती. दोनच वर्षांपूर्वी 'सेंट रोनन्स वेल' या कादंबरीत त्याने आपल्या काळातल्या समाजाचे चित्र रेखाटून पाहिले होते आणि इंग्लंडमध्ये त्या कादंबरीचे स्वागत थंडे झाले होते. ऑस्टिनला जे जमले ते किती अवघड आहे, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. अशा वेळी मत्सर वाटणे स्वाभाविक होते. स्कॉटला आनंद वाटला.

संकटात जुने पुस्तक वाचणे म्हणजे पळवाट, असा एक समज आहे. स्कॉटचे उदाहरण त्याला दुजोरा देत नाही. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही काही पैशाच्या काळज्यांपासून दूर नेणारी कादंबरी नव्हे. बेनेट कुटुंबाचे राहते घर आणि जमीन बापाच्या मृत्यूनंतर मुलींना मिळणार नाही, दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार, ही टांगती तलवार पहिल्यापासून तिच्यात आहे. कोणाचे उत्पन्न किती आणि कोणाची मिळकत केवढी, हे ऑस्टिन आकड्यांनिशी सांगते. घर जाण्याचे भय स्कॉटने त्या पुस्तकात टाळले नाही. उलट ते भय पानोपानी असूनही माणसे हसतात, चुकतात, आपली चूक ओळखून शहाणी होतात, हे त्याने तिसऱ्यांदा वाचले.

शिवाय शेवट ठाऊक असण्याचे एक सुख असते. नवी कादंबरी वाचताना पुढे काय होणार ही उत्कंठा असते आणि ज्याच्या स्वतःच्याच आयुष्यात पुढे काय होणार हे कळेनासे झाले आहे, त्याला आणखी एक उत्कंठा पेलवत नाही. ओळखीच्या पुस्तकात ती काळजी उरत नाही. डार्सीचे पत्र कधी येणार, हे माहीत असलेला वाचक ते पत्र कसे लिहिले आहे याकडे पाहू शकतो. ज्या माणसाला दुसऱ्या दिवशी घर सोडायचे होते, त्याचे लक्ष लेखिकेच्या नाजूक हाताकडे गेले, ते यामुळेच.

१५ मार्चच्या सकाळी स्कॉटने कॅसल स्ट्रीट सोडला आणि तो ॲबट्सफर्डला गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस 'वुडस्टॉक' पुरी झाली आणि ती आठ हजारांहून अधिक पौंडांना विकली गेली. तो सारा पैसा धनकोंकडे गेला. स्कॉटला धीर देणाऱ्या कादंबरीचे तिच्या लेखिकेला ११० पौंड मिळाले होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

मे महिन्यात न्यायालयाच्या कामासाठी त्याला पुन्हा एडिंबराला जावे लागले. आता तेथे घर नव्हते. भाड्याच्या खोल्यांत तो उतरला. तो तेथे असतानाच १५ मे १८२६ रोजी ॲबट्सफर्डला शार्लटचा मृत्यू झाला. अठ्ठावीस वर्षांच्या सहचारिणीच्या अखेरच्या क्षणी तो जवळ नव्हता. ड्रायबर्गच्या पडक्या मठात तिचे दफन करून काही दिवसांतच तो पुन्हा कामाला लागला.

त्यानंतरची त्याची मेहनत थक्क करणारी आहे. नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र १८२७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचे अठरा हजार पौंड धनकोंना मिळाले. आजारी नातवासाठी स्कॉटलंडचा इतिहास गोष्टीरूपाने लिहिला, तोही लोकप्रिय झाला. हैदर अलीच्या म्हैसूरची पार्श्वभूमी असलेली 'द सर्जन्स डॉटर' ही कथाही याच काळातली. भारतात पाऊल न ठेवता त्याने ती लिहिली. फेब्रुवारी १८२७ मध्ये एका जाहीर भोजनप्रसंगी त्याने 'वेव्हर्ली' कादंबऱ्यांचे कर्तृत्व उघडपणे स्वीकारले. पहिल्या दोन वर्षांतच जवळजवळ चाळीस हजार पौंड फिटले. १८२९ पासून सर्व कादंबऱ्यांची टिपांसह नवी, स्वस्त आवृत्ती निघू लागली आणि तिने कर्जाचा मोठा भार हलका केला.

या कष्टांच्या दिवसांतही ऑस्टिन त्याच्या हाताशी होतीच. सप्टेंबर १८२७ मधल्या एका नोंदीत, तिच्या एका कादंबरीच्या सोबतीने संध्याकाळ घालवल्याचे आणि तिच्या चित्रणातला खरेपणा आपल्याला नेहमीच आनंद देतो, असे त्याने लिहिले आहे. नेपोलियनच्या रणांगणांवर दिवसचे दिवस घालवलेला हा लेखक विसाव्यासाठी जात असे तो जेथे तोफेचा आवाज पोचत नाही अशा खेड्यात.

शरीराने मात्र हिशेब मागितला. १८३० च्या फेब्रुवारीत पक्षाघाताचा पहिला झटका आला. पुढे आणखी आले. बोलणे आणि लिहिणे अडखळू लागले, तरी लेखन थांबले नाही. शेवटच्या कादंबऱ्यांत थकवा स्पष्ट दिसतो. डिसेंबर १८३० मध्ये धनकोंनी कृतज्ञतेपोटी त्याचे ग्रंथालय आणि घरातले सामान त्याला परत बहाल केले. म्हणजे ती जीर्ण पुस्तके पुन्हा त्याच्या मालकीची झाली. १८३१ च्या शरदात सरकारने दिलेल्या युद्धनौकेतून तो हवापालटासाठी माल्टा आणि इटलीकडे गेला. पण मन रमेना. परतीच्या वाटेवर पुन्हा झटका आला आणि अर्धवट शुद्धीतच त्याला घरी आणण्यात आले.

अखेरच्या त्या उन्हाळ्यातला एक प्रसंग त्याचा जावई आणि चरित्रकार लॉकहार्ट याने नोंदवला आहे. काही वाचून दाखव म्हटल्यावर लॉकहार्टने क्रॅब या कवीची, सासऱ्याला एके काळी जवळजवळ मुखोद्गत असलेली, कविता वाचायला घेतली. स्कॉट रस घेऊन ऐकत होता, मध्येच दाद देत होता. पण आपण हे पूर्वी वाचले आहे, याची त्याला आठवण नव्हती; ही नवी रचना आहे असेच तो समजत होता. आयुष्यभर ज्याच्या स्मरणशक्तीची लोक नवलाने चर्चा करीत, त्याची स्मृती गेली होती. आवड मात्र शिल्लक राहिली होती.

२१ सप्टेंबर १८३२ रोजी, उघड्या खिडकीतून ट्वीडचा खळखळाट ऐकू येत असताना, मुलांच्या सान्निध्यात स्कॉटने प्राण सोडला. निम्म्याहून अधिक कर्ज त्याने हयातीतच फेडले होते. उरलेले त्याच्या ग्रंथांच्या हक्कांतून फिटले. एडिंबरात १८४६ मध्ये अनावरण झालेले त्याचे साठ मीटरांहून उंच स्मारक आणि त्याच्या पहिल्या कादंबरीचे नाव धारण करणारे वेव्हर्ली रेल्वेस्थानक आजही प्रवाशाचे स्वागत करतात. त्याने घालून दिलेल्या वाटेने जगभर ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. आपल्याकडे १८७१ मध्ये गुंजीकरांच्या 'मोचनगड'ने सुरू झालेली आणि हरिभाऊ आपट्यांनी बहराला आणलेली परंपरा ही त्याच वाटेवरची.

संकटात ऑस्टिनकडे वळण्याची वाटही पुढे अनेकांनी चोखाळली. मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगने १९१५ मध्ये महायुद्धात एकुलता मुलगा गमावला. त्यानंतर तो घरी पत्नीला आणि मुलीला तिच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवीत असे. डिसेंबर १९४३ मध्ये ट्युनिशियात न्यूमोनियाने आजारी पडलेल्या चर्चिल यांना त्यांच्या मुलीने 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचून दाखवली, तेव्हा तिच्यातल्या माणसांच्या शांत आयुष्याचे त्यांना नवल वाटले.

स्कॉटच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी जेन ऑस्टिनचा एक पुतण्या ॲबट्सफर्ड पाहायला गेला. खास सवलत म्हणून ग्रंथालयातल्या आपल्या आत्याच्या पुस्तकांपैकी एक खंड त्याला हातात घेऊ देण्यात आला. शस्त्रे, चिलखते आणि दुर्मिळ ग्रंथ यांनी भरलेल्या त्या वास्तूत या साध्या कादंबऱ्यांच्या प्रती हाताळून हाताळून झिजल्या होत्या. घरातल्या माणसांनी त्या पुष्कळदा वाचल्या असल्या पाहिजेत, असे त्याने पुढे आत्याच्या आठवणी लिहिताना नमूद केले.